टीव्हीवर जाणारं ग्राफिक: कॉम्प सेटिंगपासून एक्स्पोर्टपर्यंत

लग्नाचे व्हिडिओ, रील्स, दुकानाच्या जाहिराती करता करता एक दिवस फोन येतो: "आमच्या बुलेटिनसाठी ॲस्टन, ब्रेकिंगची प्लेट आणि ओपनिंग करून द्याल का?" (ॲस्टन म्हणजे पडद्याच्या तळाशी येणारी नाव-पदाची पट्टी.) सिंहस्थ २०२६-२७ मध्ये आहे, त्यामुळे नाशिकमध्ये अशा कामाला सध्या कारणही आहे. कॉलेज रोडवरच्या एखाद्या छोट्या स्टुडिओत बसलेल्या मुलाला ग्राफिक करता येतं, त्यात अडचण नसते. पण लॅपटॉपवर सुरेख दिसलेली ॲस्टन टीव्हीवर गेली की शिरोरेषा थरथरते, अक्षरांभोवती काळी किनार दिसते, नाहीतर स्क्रोल अडखळत चालतो. यातली बहुतेक दुखणी कॉम्प (कॉम्पोझिशन, म्हणजे ग्राफिकचा कॅनव्हास आणि टाइमलाइन) तयार करताना किंवा एक्स्पोर्टच्या खिडकीत जन्माला येतात.

इथे आफ्टर इफेक्ट्स हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर धरून सांगितलं आहे. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर बटणांची नावं बदलतील, आकडे तेच राहतील.

आधी फोन, मग कॉम्प

टीव्हीच्या कामात सेटिंग शेवटाकडून सुरुवातीकडे ठरतात. ग्राफिक कोणत्या यंत्रावरून, कोणत्या स्वरूपात हवेत जाणार, हे कळल्याशिवाय कॉम्प उघडूच नका. वाहिनीच्या किंवा केबल स्टुडिओच्या तांत्रिक माणसाला गाठा. प्रोड्यूसरला विचारलं तर "फुल एचडी द्या" एवढंच उत्तर मिळतं, आणि त्या उत्तरावर काम होत नाही. विचारायचं ते असं:

- प्रसारण १०८०आय५० (इंटरलेस्ड: सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे ओळीआड अर्ध्या फ्रेम) आहे, १०८०पी२५ (प्रोग्रेसिव्ह: सेकंदाला २५ पूर्ण फ्रेम) आहे की ७२०×५७६ ची एसडी? एचडी असेल तर तीच फीड एसडीतही जाते का, आणि जाताना बाजू कापल्या जातात की वरखाली पट्ट्या येतात?
- ग्राफिक लाइव्ह वाजणार की आधीच संपादित कार्यक्रमात बसणार?
- लाइव्ह असेल तर कशावरून: प्लेआउटचं (कार्यक्रम हवेत सोडणाऱ्या यंत्रणेचं) ग्राफिक्स सॉफ्टवेअर, स्विचरचा (कॅमेरे बदलणाऱ्या यंत्राचा) मीडिया प्लेअर, की ओबीएस (मोफत स्ट्रीमिंग सॉफ्टवेअर)?
- अल्फा (पारदर्शकतेची माहिती) स्ट्रेट हवा की प्रीमल्टिप्लाइड (फरक पुढे सांगितला आहे)? एकच फाइल चालेल की फिल (रंगीत चित्र) आणि की (पारदर्शकतेची काळी-पांढरी फाइल) वेगवेगळे द्यायचे?
- कोणता कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), कोणता कंटेनर (फाइलचा प्रकार), आवाजाची पातळी किती?

उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. तोंडी उत्तर रेंडर होईपर्यंत दोघंही विसरतात.

कॉम्पचे आकडे

कंट्रोल-एन दाबा. एचडीसाठी रुंदी १९२०, उंची १०८०, पिक्सेल ॲस्पेक्ट स्क्वेअर, फ्रेम दर २५. तीस नाही, २९.९७ तर नाहीच. भारतातलं टीव्ही प्रसारण पाल परंपरेतलं, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम किंवा ५० फील्ड. सॉफ्टवेअरमधले बरेच प्रीसेट आणि स्टॉकमधले बरेच टेम्पलेट मात्र अमेरिकी दराचे असतात. प्रीसेटच्या यादीत एचडी १०८० च्या पुढे २५ लिहिलेला निवडा आणि तरीही आकडा डोळ्यांनी वाचा.

३० चा पार्टिकल किंवा बॅकग्राउंड २५ च्या कॉम्पमध्ये टाकला की दर सेकंदाला ५ फ्रेम गळतात आणि चाल लंगडी होते. अशा क्लिपवर इंटरप्रिट फुटेज उघडून फ्रेम दर २५ ला कन्फॉर्म करा. १० सेकंदांची क्लिप १२ सेकंदांची होईल, पण एकही फ्रेम गळणार नाही. धूर, दिव्यांचे कण, पाण्याच्या लाटा यांना एवढं संथ होणं उलट मानवतं. माणूस चालताना दिसत असेल तर ही युक्ती करू नका. तिथे मुळातच २५ किंवा ५० वर चित्रीकरण हवं. मोबाइलवर शूट करणाऱ्या वार्ताहराला हे आधीच सांगून ठेवा, कारण फोन सहसा ३० वरच लावलेला असतो. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे साधे दिवे ३० फ्रेमच्या चित्रात लुकलुकू शकतात, हा वेगळा त्रास.

कालावधी प्रकारानुसार ठरवा. ॲस्टनसाठी साधारण १५ फ्रेममध्ये आत, मध्ये स्थिर, १० फ्रेममध्ये बाहेर. बाहेर जाणं नेहमी आत येण्यापेक्षा थोडं चपळ ठेवा. लाइव्हमध्ये मधला स्थिर भाग किती वेळ राहील हे तुमच्या हातात नसतं. प्रोड्यूसर नाव चार सेकंद ठेवेल नाहीतर चाळीस. म्हणून मधल्या भागात चमक फिरवत बसू नका. तिथे खरोखर स्थिर फ्रेम ठेवा, किंवा आत येणं, लूप आणि बाहेर जाणं अशा तीन फाइल द्या. लूपचं गणित बऱ्याच नवख्यांकडून चुकतं. १० सेकंदांचा लूप म्हणजे ० ते २४९ अशा २५० फ्रेम. सुरुवातीची कीफ्रेम ० वर आणि तीच किंमत २५० वर ठेवा, पण वर्क एरिया २४९ वर संपवा. नाहीतर पहिली फ्रेम दोनदा वाजते आणि कोपऱ्यातला लोगो दर दहा सेकंदांनी क्षणभर थबकतो.

प्रोजेक्टची खोली १६ बिट करा: प्रोजेक्ट पॅनेलच्या तळाशी जिथे ८ बीपीसी लिहिलेलं असतं तिथे ऑल्ट दाबून क्लिक. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. गडद निळ्यातून काळ्याकडे जाणाऱ्या ग्रेडियंटला त्या पुरत नाहीत आणि पट्टे दिसतात. अंतिम फाइल ८ बिटच असेल तर ग्रेडियंटवर १ ते २ टक्के नॉइज टाका, पट्टे विरघळतात.

फील्डचा घोळ

१०८०आय५० मध्ये एका फ्रेमचे दोन फील्ड असतात. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि दोघांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. एचडीत नेहमी अपर फील्ड आधी. एसडीत डीव्ही फाइल असेल तर लोअर आधी, बाकी पाल एसडी सहसा अपर आधी. क्रम उलटा झाला तर हलणारी वस्तू दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे अशी थरथरते. स्थिर चित्रात हे दिसत नाही, म्हणून तपासणीतून निसटतं.

मग सगळंच फील्डमध्ये रेंडर करायचं का? नाही. फेड, हळू सरकणारी प्लेट, लोगोचा लूप हे सगळं २५ प्रोग्रेसिव्ह दिलं तरी १०८०आय५० च्या साखळीत व्यवस्थित चालतं. दोन्ही फील्डमध्ये एकाच क्षणाचं चित्र जातं, एवढंच. वेगाने आडवं सरकणारं काही असेल तेव्हाच फील्डचा फायदा दिसतो, आणि टीव्हीवर असं सर्वांत जास्त सरकतं ते म्हणजे स्क्रोल.

लासलगाव, पिंपळगावच्या कांद्याच्या भावाचा स्क्रोल घ्या. शेतकरी तो आकडा वाचायलाच टीव्हीसमोर बसलेला असतो, तेव्हा तो वाचता आलाच पाहिजे. वेग प्रत्येक फील्डला पूर्ण पिक्सेलमध्ये ठेवा. ४ पिक्सेल प्रति फील्ड म्हणजे सेकंदाला २०० पिक्सेल. एक शब्द १९२० चा पडदा ९.६ सेकंदांत ओलांडतो, हा वेग निवांत वाचता येतो. ओळ ९६०० पिक्सेल लांब असेल तर एकूण प्रवास ११,५२० पिक्सेल, म्हणजे ५७ सेकंद १५ फ्रेम. पोझिशनच्या दोन कीफ्रेम या हिशेबाने लावा, दोन्ही लिनिअर, ईझ अजिबात नको. मग रेंडर सेटिंगमध्ये फील्ड रेंडर अपर फील्ड फर्स्ट करा. वेग ३.७ पिक्सेलसारखा अपूर्णांकात आला तर अक्षरांच्या कडा कधी तीक्ष्ण, कधी धूसर होत राहतात आणि स्क्रोल धडधडतो. स्क्रोलला मोशन ब्लर लावू नका.

रोजच्या बुलेटिनमध्ये स्क्रोलचा मजकूर प्लेआउटच्या सॉफ्टवेअरमधून जिवंत येतो. तिथे तुमच्याकडून फक्त रिकामी पट्टी आणि फॉन्टची माहिती हवी असते. स्क्रोल रेंडर करण्याची वेळ आधीच संपादित झालेल्या कार्यक्रमात येते.

देवनागरी

बाहेरच्या शिकवण्यांमध्ये हा भाग सापडत नाही, आणि मराठी ग्राफिक बिघडतं ते बहुधा इथेच. शिरोरेषा ही आडवी, लांब आणि बारीक रेघ. इंटरलेस्ड चित्रात एक पिक्सेल उंचीची आडवी रेघ एकाच फील्डमध्ये असते, म्हणजे सेकंदाला २५ वेळा दिसते आणि २५ वेळा नाहीशी होते. इंग्रजी मजकुरात अशा रेघा तुटक असतात, म्हणून लुकलुक फारशी जाणवत नाही. मराठीत अख्खी ओळच लखलखते. १०८० मध्ये शिरोरेषेची जाडी निदान ४ पिक्सेल भरली पाहिजे. मजकूर २०० टक्के झूम करून मोजा. लाइट किंवा थिन वजनाचा फॉन्ट टीव्हीसाठी घेऊ नका. मुक्ता, बालू, हिंद किंवा नोटो सान्स देवनागरी यांचं मीडियम, सेमीबोल्ड वजन बरं पडतं. प्लेटच्या सजावटीतल्या आडव्या रेघांनाही हाच नियम. तरीही रेघ लुकलुकली तर उभ्या दिशेने अर्धा ते एक पिक्सेल ब्लर द्या. संगणकावर ती किंचित मऊ दिसेल, टीव्हीवर स्थिर.

मजकूर टाइप करण्यापूर्वी प्रेफरन्सेसमधल्या टाइपच्या पानावर टेक्स्ट इंजिनचा पर्याय दिसत असेल तर तो साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न करा आणि सॉफ्टवेअर एकदा बंद करून उघडा. हे न केल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते, जोडाक्षरं हलन्त घेऊन सुटी पडतात. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड नसतो. तो आधी रूपांतरित करून घ्या, नाहीतर उद्या वार्ताहराने नाव बदलून पाठवलं की तुमच्या हाती चिन्हांची खिचडी येते.

फॉन्ट पक्का करण्याआधी हे शब्द त्यात टाइप करून बघा: त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी, कार्यकर्त्यांनी, वऱ्हाड, विठ्ठल, शत्रू, कुटुंब. 'कार्यकर्त्यांनी'मध्ये रफार, काना आणि अनुस्वार एकाच डोक्यावर येतात, म्हणजे वरची जागा किती लागते ते कळतं. 'शत्रू' आणि 'कुटुंब' खालची जागा सांगतात. 'वऱ्हाड'मधला अर्धा र नीट वळला नाही तर तो फॉन्ट मराठीसाठी निरुपयोगी समजा. ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हेही पाहा. काही फॉन्टमध्ये मराठी वळण असतं, पण भाषा निवडल्याशिवाय दिसत नाही. तिरो देवनागरी मराठीत ते मुळातच आहे, पण तो सेरिफ आणि नाजूक, मथळ्याला ठीक, स्क्रोलला नाही.

४८ पिक्सेलच्या मजकुराला पट्टीची उंची किमान ८४ ठेवा आणि दोन ओळींतलं अंतर फॉन्टच्या १.४ ते १.५ पट. इंग्रजी टेम्पलेटच्या पट्टीत मराठी नाव कोंबलं की वरचा अनुस्वार कापला जातो किंवा खालचा उकार पट्टीबाहेर लोंबतो. नेत्याच्या आडनावावरचा अनुस्वार गेला तर फोन कोणाला येईल, हे सांगायला नको.

ट्रॅकिंग शून्य. इंग्रजीत अक्षरं फाकवून मथळा देखणा होतो, मराठीत शिरोरेषा तुटून मण्यांची माळ होते. टेक्स्ट ॲनिमेटरनेही तेच होतं: अक्षर-अक्षर आत आणलं की मात्रा एकीकडे, अक्षर दुसरीकडे. रेंज सिलेक्टरच्या ॲडव्हान्स्डमध्ये बेस्ड ऑन हे वर्ड्सवर ठेवा आणि शब्द-शब्द आणा. अक्षरागणिक उमटल्यासारखं हवंच असेल तर पूर्ण ओळीवर डावीकडून उजवीकडे सरकणारा मास्क लावा.

चौकट

टीव्हीचे काही संच अजूनही कडेचं चित्र थोडं खातात. युरोपीय प्रसारण संघाच्या आर ९५ शिफारशीप्रमाणे महत्त्वाची हालचाल ९३ टक्क्यांत आणि मजकूर ९० टक्क्यांत असावा. १९२०×१०८० मध्ये मजकुरासाठी डावी-उजवीकडे ९६ पिक्सेल आणि वर-खाली ५४ पिक्सेल मोकळे. आफ्टर इफेक्ट्समध्ये ॲक्शन सेफ १० आणि टायटल सेफ २० हे जुन्या टीव्हींचे आकडे भरलेले असतात. ग्रिड्स अँड गाइड्समध्ये ते ७ आणि १० करा.

एसडीत बाजू कापून ४:३ जात असेल तर १९२० मधले फक्त मधले १४४० पिक्सेल उरतात. दोन्हीकडून २४० गेले. त्यावर ५ टक्के सुरक्षित जागा धरली की ॲस्टनचं पहिलं अक्षर डाव्या कडेपासून ३१२ पिक्सेलवर यायला हवं. एचडीत ते जरा आत ओढल्यासारखं दिसतं. दिसू द्या. उंची १०८० वरून ५७६ होते तेव्हा ३६ पिक्सेलचा मजकूर १९ पिक्सेलचा उरतो आणि ४ ची शिरोरेषा जेमतेम २ ची. म्हणून पदनामाची ओळ ४० च्या खाली नेऊ नका. फक्त एसडीचं काम आलं तर ४:३ साठी ७८८×५७६ किंवा १६:९ साठी १०५०×५७६ अशा स्क्वेअर पिक्सेलच्या कॉम्पमध्ये काम करा आणि शेवटी ७२०×५७६ मध्ये बसवा, म्हणजे गोल लोगो अंडाकृती होणार नाही.

रंग

एचडीचा रंगअवकाश रेक. ७०९, एसडीचा ६०१. व्हिडिओत काळा १६ आणि पांढरा २३५ ला असतो, हे वाचून नवखे लोक ग्राफिकच १६ ते २३५ मध्ये दाबतात. असं करू नका. प्रोरेस किंवा एक्सडीकॅम या कोडेकमध्ये लिहिताना हे रूपांतर सॉफ्टवेअर स्वतः करतं. तुम्ही आधीच दाबलं तर दोनदा दाबलं जातं आणि पांढरा करडा होतो. की फाइलमध्ये हे झालं तर पूर्ण अपारदर्शक प्लेटमधूनही मागचं चित्र झिरपतं.

सिंहस्थाच्या ग्राफिकमध्ये भगवा येणारच. गडद तपकिरीवर भगव्या बारीक अक्षरांचा मोह होतो, पण प्रसारणात रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने जाते: ४:२:२ मध्ये आडवी अर्धी, घरापर्यंत पोचणाऱ्या ४:२:० मध्ये उभीही अर्धी. लाल-भगवी शिरोरेषा गडद पार्श्वभूमीवर पसरते, काठ विटतात. उलट करा: भगवी पट्टी, त्यावर पांढरी किंवा गर्द अक्षरं. शुद्ध २५५ लाल, शुद्ध पिवळा टाळा आणि ल्युमेट्री स्कोपवर (रंगांची पातळी दाखवणाऱ्या आलेखावर) एकदा नजर टाका. ब्रेकिंगच्या प्लेटवर लखलखाट करायचा असेल तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त झोत नकोत. अपस्माराच्या रुग्णांसाठी ही मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीत आहे.

मॅकवर क्विकटाइम प्लेअरमध्ये फाइल फिकी दिसते म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवून परत रेंडर करणं ही हमखास होणारी चूक. फिकेपणा प्लेअरचा असू शकतो. तीच फाइल परत आफ्टर इफेक्ट्समध्ये आणून मूळ कॉम्पशी ताडून पाहा, मग ठरवा.

अल्फा

काळी किनार इथून येते. प्रीमल्टिप्लाइडमध्ये अर्धपारदर्शक कडांचा रंग आधीच काळ्यात मिसळलेला असतो. स्ट्रेटमध्ये रंग शुद्ध राहतो आणि पारदर्शकता फक्त अल्फात. प्रीमल्टिप्लाइड फाइल यंत्राने स्ट्रेट समजून वाचली तर सावल्या आणि कडा काळपट होतात. स्ट्रेट फाइल प्रीमल्टिप्लाइड समजून वाचली तर कडा फटफटीत उजळतात. आफ्टर इफेक्ट्सच्या आउटपुट मॉड्यूलमध्ये न बघता पुढे गेलात तर प्रीमल्टिप्लाइड निघतं. चॅनल्स आरजीबी प्लस अल्फा, डेप्थ ट्रिलियन्स प्लस, आणि कलर विचारून घेतल्याप्रमाणे. स्ट्रेट फाइल साध्या प्लेअरमध्ये दातेरी, फुटल्यासारखी दिसते. घाबरू नका, ती तशीच दिसायला हवी. छोट्या स्टुडिओत ॲटम स्विचर असेल तर कीच्या पानावर प्री मल्टिप्लाइड की नावाची खूण असते. किनार काळी दिसली की री-रेंडरच्या आधी ती खूण लावून-काढून पाहायला सांगा.

फिल आणि की वेगळे मागितले तर फिल आरजीबीत, आणि की त्याच कॉम्पमधून चॅनल्स अल्फा निवडून. दोन्हींची लांबी फ्रेमला फ्रेम जुळली पाहिजे.

एक्स्पोर्ट

अल्फा असलेलं काही असेल तर प्रोरेस ४४४४, क्विकटाइम कंटेनरमध्ये. विंडोजवरूनही निघतं. एच.२६४ मध्ये अल्फा जात नाही, कितीही बिटरेट द्या. १९२०×१०८० ला २५ फ्रेमवर प्रोरेस ४४४४ साधारण २७५ मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे १० सेकंदांची स्टिंग (छोटी ॲनिमेटेड क्लिप) ३४४ मेगाबाइटच्या आसपास, अल्फामुळे थोडी जास्त. जुनं यंत्र प्रोरेस वाचत नसेल तर पीएनजी किंवा टीजीए सिक्वेन्स द्या. रेंडर मध्येच तुटलं तर सिक्वेन्स तिथून पुढे चालू करता येते, हा मोठा फायदा. वीज गेली की त्याची किंमत कळते.

अल्फा नसलेलं ओपनिंग किंवा बम्पर (ब्रेकच्या आधी-नंतरची छोटी क्लिप) प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये, सुमारे १८४ मेगाबिट. थेट प्लेआउट सर्व्हरवर जाणार असेल तर बऱ्याचदा एक्सडीकॅम एचडी४२२ मागतात: एमएक्सएफ ओपी१ए, १०८०आय५०, अपर फील्ड, ५० मेगाबिट. ३० सेकंदांची फाइल १८७ मेगाबाइट भरते. एक्सडीकॅम मागितलं तरी प्रोरेसचा मास्टर स्वतःकडे ठेवा आणि एक्सडीकॅम त्यातून काढा. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ईबीयू आर १२८ (युरोपीय प्रसारण संघाची आवाजाची शिफारस) मागितलं तर पातळी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक). यूट्यूबच्या सवयीने उणे १४ दिलं तर फाइल परत येते.

ओबीएससाठी स्टिंगर (एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना पडदा झाकणारी क्लिप) हवा असेल तर प्रोरेसवरून अल्फासह व्हीपी९ वेबएम करून द्या, हलका पडतो. कापाचा क्षण, म्हणजे पडदा पूर्ण झाकला जातो ती फ्रेम, फाइलसोबत लिहून द्या. १८ वी फ्रेम असेल तर २५ च्या दराने ७२० मिलिसेकंद. तीच फीड केबललाही जात असेल तर ओबीएसच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये २५ पाल आहे ना, पाहून घ्या.

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता, अधोरेषा घालून: कार्यक्रम, प्रकार, आकार, फ्रेम दर, अल्फाचा प्रकार, आवृत्ती. देवनागरी नावं काही सर्व्हर प्रश्नचिन्हं करून टाकतात. 'फायनल फायनल नवीन' हे नाव रात्री पावणेनऊला पीसीआरमध्ये (प्रॉडक्शन कंट्रोल रूममध्ये) कुणालाही उपयोगी पडत नाही.

पाठवण्यापूर्वी

रेंडर झालेली फाइल नव्या कॉम्पमध्ये आणा आणि तीन पार्श्वभूमींवर ठेवा: शुद्ध पांढरी, शुद्ध काळी, आणि रामकुंडावरच्या गर्दीचं हलतं फुटेज. पांढऱ्यावर काळी किनार दिसते, काळ्यावर उजळ किनार, आणि गर्दीवर मजकूर खरंच वाचता येतो का ते कळतं. मग पेन ड्राइव्हवर एच.२६४ प्रत काढून घरच्या टीव्हीवर लावा आणि आठ-दहा फूट मागे बसून बघा. इंटरलेसची लुकलुक या प्रतीत पूर्ण दिसेलच असं नाही, म्हणून पहिली फाइल स्टुडिओच्या मॉनिटरवर प्रसारणाच्या निदान एक दिवस आधी वाजवून घ्या.

शेवटची फ्रेम रिकामी आहे का, तेवढं नक्की बघा. बाहेर जाण्याच्या फाइलमध्ये शेवटच्या फ्रेमवर २ टक्के अपारदर्शकता उरली, तर काही यंत्रं तीच फ्रेम धरून ठेवतात आणि पुढची बातमी संपेपर्यंत पडद्यावर ॲस्टनचा पुसट डाग राहतो.